ठणकमोडीची परीक्षा

“पुरावा नाही,” असं म्हणत आरोग्यकेंद्रातल्या सेवकयंत्राने किमयाच्या आईच्या पायावरचा ठणकमोडीच्या पानांचा लेप पुसला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. किमया भडकली.

तिची आई कबड्डी शिकवायची. सरावात तिचा घोटा मुरगळून टम्म सुजला होता. किमयाने डोंगरउतारावरून पानं आणून, स्वतः वाटून लेप घातला होता. सगळं गाव पिढ्यानपिढ्या हेच करत आलं होतं.

“पुरावा नाही म्हणजे आम्ही खोटारडे का?” ती ओरडली.

“पुरावा नाही,” यंत्र त्याच सुरात म्हणालं आणि घोट्यावर बर्फाची पिशवी ठेवून निघून गेलं.

किमया तडक मागच्या प्रयोगशाळेत घुसली. तिथे डॉक्टर नजमा मुजावर नवी औषधं तपासायच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“बर्फ ठेवला ते बरं केलं,” त्या म्हणाल्या. “पण तू सांग, लेपाने सूज उतरते हे तुला कसं कळलं?”

“मागे माझा गुडघा सुजला होता. लेप लावला, उतरली!”

“लावला नसतास तर?”

किमया पुन्हा उसळली. “म्हणजे तुम्हीपण त्या डबड्याच्याच बाजूच्या!”

“मुळीच नाही. ‘तपासलं आणि खोटं निघालं’ वेगळं, ‘कुणी तपासलंच नाही’ वेगळं. ठणकमोडी कुणी तपासलेलीच नाही. तिला न तपासता डब्यात टाकणं हा अन्याय आहे. आणि न तपासता डोक्यावर घेणं हीसुद्धा चूकच. चल, तपासू या.”

त्यांनी नखाएवढी काचपट्टी काढली. तिच्या खणांत माणसाच्या जिवंत पेशी (शरीराच्या अगदी बारीक विटा) वाढवलेल्या होत्या.

“इजा झाली की पेशी निरोपी रसायनं (मदतीला हाक मारणारे पदार्थ) सोडतात,” त्या सांगू लागल्या. “मग रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्षक पेशी धावत येतात. म्हणून ती जागा लाल, गरम होते, सुजते, ठणकते. याला म्हणतात दाह. तो आपल्या भल्यासाठीच असतो, पण हाका थांबल्याच नाहीत तर त्रास होतो.”

त्यांनी दाह चेतवणारा पदार्थ घालून सगळ्या पेशींना डिवचलं. मग काही खणांत पानांचा अर्क कमीजास्त प्रमाणात घातला, काहींत सुजेवरचं नेहमीचं औषध आणि काहींत ज्या द्रवात अर्क काढला होता तो नुसता द्रव.

“नुसता कशाला?”

“पान नसताना काय होतं, ते तोच खण सांगेल. त्याला तुलनेचा खण म्हणतात.”

“मग खणांवर नावं लिहू नका,” किमया फणकारली. “मोजणार ते सेवकयंत्रच ना? ते मुद्दाम माझ्या पानाविरुद्ध मोजेल!”

“आणि तू मुद्दाम पानाच्या बाजूने!” डॉक्टर हसल्या. “बरोबर सुचलं तुला. खणांवर नुसते आकडे टाकू, नावं माझ्याकडे झाकून ठेवू. मोजणाऱ्याला ती कळूच द्यायची नाहीत.”

दुसऱ्या दिवशी यंत्राने रसायनं मोजली आणि मगच डॉक्टरांनी नावं उघडली. अर्काच्या खणांत हाका खरोखर कमी झाल्या होत्या, नेहमीच्या औषधाइतक्या नाहीत, पण नुसत्या द्रवापेक्षा स्पष्ट कमी. डॉक्टरांनी प्रयोग पुन्हा केला. तेच उत्तर आलं. मात्र ज्या खणांत अर्क जास्त पडला होता, तिथल्या पेशी मेल्या होत्या.

किमया आनंदाने उड्या मारत बाहेर आली. बातमी तिच्या आधीच पोचली होती. शेजारचे दगडूकाका हातात ठणकमोडीच्या हिरव्यागार रसाचा पेला घेऊन उभे होते.

“सिद्ध झालं ना गं पोरी? आता रोज पेलाभर पिणार. सांधेदुखी, ताप, सगळं जाणार!”

“काका, खाली ठेवा तो पेला!” किमया इतक्या जोरात ओरडली की काका दचकले. “कुणी सांगितलं सगळं जातं? प्यायचं तर आम्ही तपासलंच नाही! काचेतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. जास्त झालं तर पेशी मरतात, मी डोळ्यांनी पाहिलंय!”

“अगं, पण पान तर तुझंच ना?”

“माझं आहे म्हणूनच सांगते!”

काकांनी पेला ओट्यावर ठेवला. “मग कधी तपासणार?”

“उद्यापासून,” किमया म्हणाली. “आधी कोणता पदार्थ काम करतो ते शोधायचं, मग किती चालतो ते. माणसांवरची चाचणी बरीच पुढे. तोवर तुम्ही साधं पाणी प्या.”