म्हातारबाचं जाकीट

तो दुकानात शिरला तेव्हा मी पांढऱ्याशुभ्र कापडावर कात्री चालवत होते… आणि त्याच्यासोबतच्या भिजलेल्या कुत्र्याने मनसोक्त अंग झटकलं. झालं, सगळ्या कापडावर चिखलाचे शिंतोडे.

"धुऊन देतो," तो ओशाळून म्हणाला.

"कापड की कुत्रा?"

तो हसला. तिथेच माझी शिलाई उसवली, म्हणा ना.

तो नावाडी होता. तळ्याच्या या काठाची माणसं त्या काठाला पोचवायचा. कुत्र्याला सगळे म्हातारबा म्हणत. होडीतच वाढलेला, पण आता त्याचे मागचे पाय लटपटायचे आणि अलीकडे तो सारखा पाण्यात पडत होता.

"रविवारी मामा त्याला शेतावर न्यायला येतोय. आई म्हणते, तिथे जीव तरी वाचेल. पण माझ्याशिवाय तो…" त्याने म्हातारबाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"होडीत बांधून ठेवा की."

"बांधलेला पडला तर कडेला लटकेल, फास बसेल. त्याला तरंगतं जाकीट हवंय. शिवाल?"

मी टेप काढली. छातीचं माप घेताना म्हातारबा माझा कानच चाटायला लागला.

"एवढी लाडीगोडी मालकाकडून शिकलास वाटतं?" मी विचारलं. नावाडी खिडकीबाहेर बघू लागला, पण त्याचे कान लाल झाले होते.

जाकीट देखणं झालं. पाठीवर फोम घातला तर कुबड दिसेल, म्हणून मी सगळा फोम पोटाखाली घातला होता. शिंपिणीची अक्कल, दुसरं काय! काठाजवळ उथळ पाण्यात सोडताच म्हातारबा गर्रकन उलटा झाला… पाय वर, तोंड पाण्याखाली. नावाड्याने झेप घेऊन त्याला उचललं.

म्हातारबा खोकत होता आणि मी रडत होते. "मी त्याला मारलंच असतं हो…"

"म्हणून तर उथळ पाण्यात बघितलं," तो हळूच म्हणाला. "उसवा आणि पुन्हा शिवा. मी थांबतो." तो खरंच मशीनशेजारी बसून राहिला. माझ्या सुईत दोरा ओवून देत.

आता फोम दोन्ही कुशींना आणि हनुवटीखाली गेला. पाठीवर मजबूत मूठ लावली, धरून उचलायला. दिसायला अगदी उशी बांधल्यासारखं.

रविवारी मामा काठावर उभे होते. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरले. म्हातारबा होडीतून उतरला, डुचमळला… आणि मान वर ठेवून सरळ माझ्याकडे पोहत आला. नावाड्याने होडी जवळ आणली आणि मूठ धरून त्याला अलगद आत घेतलं.

"याला काय नेऊ मी?" मामा म्हणाले. "हा माझ्यापेक्षा बरा पोहतो." आणि ते हसत घराकडे वळले.

मग नावाड्याने वाकून मलाही वर ओढलं. हात मात्र सोडला नाही.

"जाकीट तर झालं," तो म्हणाला. "उद्यापासून दुकानात यायला आईला काय कारण सांगू?"

"खरं असेल ते सांगा."

"खरं… तुम्ही मला आवडता. त्या दिवशी तुम्हाला रडताना बघून माझाच जीव गुदमरला होता."

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हणाले. "पण आईंना सांगायला मी सोबत येते. एकटे गेलात तर ओशाळून परत याल."