दुसऱ्यांदा उचललेली टोपली

आपल्या भजनात टाळ धरतो तो दयाराम. पूर्वी तो कॅमेरा चालवायचा. ते काम त्याने का सोडलं, हे मीच सांगतो. तो सांगायला बसला की मध्येच उठून जातो.

सन १९९३, कार्तिकातली सोमवती अमावास्या. पनवेलहून चार्ज केलेल्या बॅटऱ्या घेऊन दयाराम दिवेलागणीला ओवे गावाकडे निघाला. तिथे त्याचे साहेब खोळंबले होते.

साहेब म्हणजे चारुदत्त. छोटे माहितीपट काढणारा. वीटभट्टीवरची भूक, मिठागरातले फुटलेले पाय, हेच त्याचं भांडवल. कुणाचं घर जळालं की याला आधी उजेड दिसायचा! परदेशातून मिळवलेली मानचिन्हं त्याने घरात अशी मांडली होती, की देव्हाऱ्याला कोपराही उरला नव्हता. ज्यांच्या दुःखावर ती मिळाली, त्यांपैकी एकाचंही नाव या गृहस्थाला आठवत नसे.

ओव्यात कृष्णाबाईचा नवरा देवजी तापाने गेला होता. त्या रात्री त्याचा दहावा. तो जिथे झोपायचा तिथे पीठ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा, वर टोपली झाकायची आणि सगळ्यांनी बाहेर बसायचं. पहाटे टोपली उचलायची. पिठावर खूण उमटली, तर जीव सुटला. पीठ कोरं राहिलं, तर जीव अडकला. कृष्णाबाईला एवढंच हवं होतं... धनी सुटला का?

चारुदत्तला मात्र पहाटेपर्यंत थांबायचं नव्हतं.

"साहेब, आत जाऊ नका. त्यांचा रिवाज आहे," दयाराम म्हणाला.

"रिवाज तुझ्या भजनात ठेव. मला तिचा चेहरा हवाय."

त्याने मध्यरात्रीच टोपली उचलली. पीठ कोरं होतं. तीन बोटं दाबून त्याने पाखराचं पाऊल काढलं, टोपली ठेवली आणि पहाट झाली म्हणून बाईला हाक मारली.

शूटिंगचे दिवे लागले. कृष्णाबाईने टोपली उचलली.

"पाखरू झालं... सुटलं माजं माणूस!" ती जमिनीवर कोसळून रडली.

"छान. बाई, आता पुन्हा एकदा. पहिल्यांदाच बघताय असं बघा."

"पुन्ना कसं बगू, दादा? माणूस एकदाच मरतो ना?"

चारुदत्त हसला. त्याने तळहाताने पीठ सारखं केलं. ताजं पाऊल काढलं. टोपली झाकली.

"हं. उचला."

तिने उचलली.

पीठ कोरं होतं.

चारुदत्तने आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटांना पीठ लागलेलं होतं.

बाहेर कुत्रं केकाटलं. मग गप्प झालं. वारा नव्हता. तरी दिव्याची ज्योत आडवी झाली, कॅमेऱ्याच्या दिशेने... आणि तशीच राहिली.

कृष्णाबाईने डोक्यावरून पदर ओढून घेतला. ती पिठाकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याकडे बघत होती. घरात थोरलं कुणी आलं की बायका बघतात, तशी. खाली मान घालून.

"दयाराम... कॅमेरा बंद कर."

"साहेब, बंदच आहे."

पण आत काहीतरी फिरत होतं. कर्रर्र...

चारुदत्तने दयारामला ढकललं. डोळा लावला.

...

बराच वेळ तो हलला नाही. पापणीही लवली नाही त्याची. दयारामने नामस्मरण करत त्याला मागे ओढलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला अजून सोडत नाही तो."

पहाटे कृष्णाबाईने रिवाजाप्रमाणे टोपली उचलली. पीठ कोरंच होतं. ती कॅमेऱ्यापाशी आली. कुणीतरी झोपलेलं असावं तसा तिने त्याच्यावरून हात फिरवला.

"हितं कशाला बसलात, धनी..." एवढंच बोलली.

चारुदत्तने पुन्हा एकही माहितीपट काढला नाही. तो कॅमेरा आज दयारामच्या कपाटात आहे. विकता येत नाही, टाकवत नाही. डोळा लावायचं रबर तो रोज सकाळी पूजेआधी कोरड्या फडक्याने पुसतो.

मी स्वतः बोट लावून पाहिलं आहे. ओलं असतं. आणि कोमट.