खिळ्यावरच्या किल्ल्या

“माफी? कशाची माफी?” शिवानी ताडकन उठली. “आम्ही काही केलंच नाही, तर माफी कशी मागायची?”

“आवाज खाली!” भगवंतराव आजोबा म्हणाले.

समोर सोफ्यावर नागराज अंकल घाम पुसत बसले होते. त्यांची पांढरी गाडी खाली पार्किंगमध्ये रुसून बसली होती. बटण दाबलं की ‘टक-टक-टक’ एवढंच म्हणायची आणि गप्प! त्यांची ऑफिसची मीटिंग बुडाली होती आणि पारा चढला होता.

कानडी मुलखातल्या एचएसआर लेआउटमधल्या तुंगा अपार्टमेंटमध्ये गणपतीच्या दिवसांपासून हे असंच चाललं होतं. रात्री धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी गारद. आज नागराज अंकलची, उद्या डॉक्टर शिवलीला अक्कांची, परवा आणखी कुणाची. नवी बॅटरी टाकली तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तेच रडगाणं! मोठी माणसं वैतागली होती. आणि मोठी माणसं वैतागली की पहिला नंबर कुणाचा लागतो, हे काय सांगायला हवं?

“ही पोरं पार्किंगमध्ये लपंडाव खेळतात,” नागराज अंकल म्हणाले. ते मूळचे बिदरकडचे. “गाड्यांची दारं ओढतात. मी सोता बघितलो की! आतला दिवा पेटतो, रात्रभर जळतो, मग बॅटरी टिकणार कशी?”

“आम्ही कुणाच्याही गाडीला हात लावत नाही!” शिवानी म्हणाली.

पण आजोबा सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांनी निकाल दिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, शिवानी आणि तिच्या टोळीने सगळ्यांसमोर माफी मागायची. तोवर पार्किंगबंदी. माफी मागितली नाही, तर बंदी कायमची!

कायमची? आजूबाजूचे रिकामे प्लॉट केव्हाच बांधून झाले होते. पार्किंगमधला तो एक मोकळा कोपरा गेला, तर सगळ्या पोरांना उभं राहायलासुद्धा जागा नव्हती.

नागराज अंकल गेल्यावर आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, “अगं, स्वल्प माफी मागितली तर काय बिघडतं? लोक माझ्याच नातीकडे बोट दाखवतात. मला मान वर काढता येत नाही.”

“आजोबा, तुम्हाला वाटतं आम्ही केलं?”

आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं.

शिवानीच्या डोळ्यांत पाणी आलं. अंकल ओरडले त्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. पण आजोबांनी गप्प बसावं? तिने डोळे पुसले आणि दार आपटून थेट गच्ची गाठली.

तिथे संग्राम आणि संहिता वाटच पाहत होते. संग्राम निपाणीचा. त्याचे बाबा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. संहिता गेल्याच वर्षी पुण्याहून आली होती.

“माफी? हॅट!” संग्राम उसळला. “आमच्या निपाणीत असल्याला ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ म्हणतात!”

“पुण्यातपण तेच म्हणतात. निपाणीचं पेटंट नाहीये ते!” संहिता म्हणाली. “पण हे लिटरली अनफेअर आहे!”

“मग खरा चोर शोधायचा,” शिवानी म्हणाली. “आपल्याला कुणी विचारलं नाही ना? आपण त्यांना उत्तर आणून देऊ!”

“चोर मला ठाऊक हाय!” संग्राम म्हणाला. “नव्या बॅटऱ्या कोण विकालाय? गिरीराज! फायदा कुणाचा? गिरीराजचा! चला, धरूया त्याला!”

गिरीराजचं बॅटरीचं दुकान कोपऱ्यावरच होतं. नागराज अंकलच्या गाडीला तारा जोडून करंट देऊन तो गेटबाहेर पडतच होता, तेवढ्यात तिघांनी त्याच्या स्कूटरला घेराव घातला.

“खरं सांगा! तुम्हीच बॅटऱ्या मारता ना?” संग्रामने दरडावलं.

“अय्यो! मी?” गिरीराज हसावं की रडावं अशा चेहऱ्याने म्हणाला. “अरे पोरा, नवी बॅटरी वॉरंटीत मेली की मला फुकट बदलून द्यावी लागते! तुमच्या ह्या अपार्टमेंटपायी माझं दुकान बसायची पाळी आली!”

संग्रामचा चेहरा एवढासा झाला. संहिता खुसखुसली.

“मग बॅटऱ्या मरतात कशाने?” शिवानीने विचारलं.

“गाडी रात्री झोपत नाही. आत काहीतरी जागं राहतं आणि बॅटरी पीत बसतं.”

“काय जागं राहतं ते शोधा ना!”

“शोधायला अख्खा दिवस मोडतो, अम्मा. बॅटरी बदलायला स्वल्प टाईम पुरतो.” आणि स्कूटर फुर्रर्र करत निघून गेली.

“वा रे वा!” संहिता म्हणाली. “म्हणजे ताप का येतो ते बघायचं नाही, नुसत्या गोळ्या देत राहायचं!”

पार्किंगबंदीला एक अपवाद होता. संध्याकाळी पार्किंगमधल्या गणपतीपुढे दिवा लावायचं काम शिवानीचं होतं, आणि देवाचं काम आजोबासुद्धा थांबवू शकत नव्हते. गणपतीच्या कोनाड्याशेजारच्या खांबावर आजोबांचा अभिमानाचा विषय लटकत होता. किल्ल्यांचा बोर्ड! पार्किंग अडचणीचं, गाड्या एकीमागे एक. पुढची काढायची तर मागची हलवायला हवी. म्हणून सगळ्यांनी रात्री किल्ल्या बोर्डावर लावायच्या आणि वॉचमन परसू अण्णाने सकाळी गाड्या मागेपुढे करायच्या. चिकपेटमधल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आजोबांनी आयुष्यभर हीच शिस्त पाळली होती, ज्याची किल्ली त्याच्या खिळ्यावर. आधी हा बोर्ड वर सोसायटीच्या ऑफिसात होता. परसूला जिने चढावे लागू नयेत म्हणून गणपतीत आजोबांनी तो खाली आणला होता.

शिवानी दिवा घेऊन आली तेव्हा शिवलीला अक्का दवाखान्यातून नुकत्याच परतल्या होत्या. खांबाला लागूनच त्यांनी आपली लाल गाडी उभी केली, कुलूप लावलं, किल्ली खिळ्यावर अडकवली आणि त्या लिफ्टने वर गेल्या.

शिवानीने दिवा ठेवला. मागे वळताना तिच्या हातातलं ताट लाल गाडीच्या दाराला घासलं, ते सावरताना बोटं दाराच्या मुठीला लागली आणि...

टिक्!

गाडीचे आरसे उघडले. दिवे लागले. दार उघडं!

शिवानी जागच्या जागी थिजली. अक्कांनी आत्ताच तर कुलूप लावलं होतं! तिने खिळ्याकडे पाहिलं. किल्ली तिथेच लटकत होती, गाडीपासून हातभर अंतरावर.

“परसू अण्णा! ही किल्ली घेऊन स्वल्प गेटपर्यंत जा ना! प्लीज!”

परसूने गाडीला पुन्हा कुलूप लावलं आणि तो किल्ली घेऊन गेटवर गेला. शिवानीने मूठ ओढली. दार ढिम्म! परसूने परत येऊन किल्ली खिळ्यावर लावली. शिवानीने मूठ ओढली. टिक्!

“सापडलं!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की परसूच्या हातातली शिट्टी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर खलबतं सुरू झाली.

“आमची गाडीपण बटणवाली आहे,” संहिता म्हणाली. “किल्ली खिशात असली की झालं, आणि रात्री तीही बोर्डावरच असते. पण गाडी कधीच बंद पडली नाही!”

“कारण ती पार त्या टोकाला, जनरेटरजवळ असते!” शिवानी म्हणाली. “आणि आजोबांची जुनी निळी गाडी बोर्डाला चिकटून उभी असते, तरी धडधाकट! तिची किल्ली साधी, लोखंडाची. तिला बोलताच येत नाही!”

“म्हणजे बाकीच्यांना बोलता येतंय?” संग्रामने डोळे विस्फारले.

“येतं तर! गाडी विचारते, ‘किल्लीबाई, आहेस का?’ किल्ली म्हणते, ‘आहे!’ पुन्हा विचारते, ‘आहेस का?’ ‘आहे!’ रात्रभर दोघींच्या गप्पा! झोपणार कधी?”

“मग चला, आजोबांना सांगू!”

“आणि त्यांनी ऐकलं नाही तर?” शिवानी म्हणाली. “बोर्ड त्यांचा, शिस्त त्यांची. आधी पुरावा हवा.”

संग्राम डोकं खाजवत बसला होता. एकदम त्याने चुटकी वाजवली. “लिफ्टमध्ये मोबाईलची रेंज जाते का नाही? लोखंडाचा डबाच की तो! किल्ल्या डब्यात घालूया!”

“संग्राम, तू हुशारपण आहेस?” संहिताने विचारलं.

“कधीकधी!”

शिवानीने स्वयंपाकघरातून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा लांबवला. चकल्या परातीत ओतून ठेवल्या. (त्यातल्या निम्म्या संग्रामने संपवल्या, पण तो तपासाचा भाग नव्हता.) संध्याकाळी दिवा लावायच्या निमित्ताने तिघंही खाली उतरली. तिने अक्कांची किल्ली डब्यात टाकली, झाकण दाबलं आणि मूठ ओढली. दार ढिम्म! डबा जिंकला!

“रोज रात्री सगळ्या किल्ल्या डब्यात,” शिवानी म्हणाली. “परसू अण्णा रात्री टाकतील आणि सकाळी पुन्हा खिळ्यावर लावतील.”

“मी काही बघितलो नाही, मला काही ठाऊक नाही,” परसू म्हणाला आणि डबा आपल्या खुर्चीखाली सरकवला. रोज सकाळी बंद गाड्या ढकलून त्याची कंबर मोडली होती.

“वेट, वेट!” संहिता म्हणाली. “सगळ्याच गाड्या बऱ्या झाल्या, तर लोक म्हणतील, ‘बघा, पोरांना दम दिला आणि थांबलं!’ एक गाडी आजारीच राहायला हवी.”

“अक्कांची नको हं!” शिवानी लगेच म्हणाली. “त्यांना पेशंट असतात.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यात जास्त कोण ओरडलं होतं?

नागराज अंकलची किल्ली खिळ्यावरच राहिली.

त्यानंतर नवल घडलं. गाड्या एका बटणात सुरू होऊ लागल्या. फक्त पांढऱ्या गाडीचं ‘टक-टक’ चालूच राहिलं. पण त्याचा परिणाम भलताच झाला! “बघा, माझ्या एकट्याच्याच गाडीच्या मागे लागलेत! डूख धरलाय ह्यांनी माझ्यावर!” अंकल सगळ्यांना सांगत सुटले. लोकही माना डोलवू लागले. आजोबांनी तर शिवानीशी बोलणंच सोडलं. जेवताना समोरासमोर बसायचे आणि वाटी हवी असली तरी आईकडे मागायचे.

“सांगून टाकूया का?” एके दिवशी संग्रामने चाचरत विचारलं.

शिवानीलाही तेच वाटत होतं. तरी ती म्हणाली, “नाही! ज्यांनी सगळ्यांसमोर चोर ठरवलं, त्यांना सगळ्यांसमोरच कळू दे!”

आयुधपूजेची सकाळ उजाडली. पार्किंग धुऊन लख्ख झालं होतं. गाड्यांना झेंडूच्या माळा, बाजूला केळीची रोपं, कुंकू लावलेला कोहळा फोडायला तयार आणि प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू. गाडी सुरू करून लिंबू चिरडलं की पूजा पुरी.

“पूजेआधी मुलांना काही बोलायचं आहे,” आजोबा कोरड्या आवाजात म्हणाले. “ये, शिवानी.”

सगळं तुंगा अपार्टमेंट तिच्याकडे बघत होतं. संग्राम आणि संहिता तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले.

“गाड्या आम्ही बिघडवल्या नाहीत,” शिवानी म्हणाली. “म्हणून आम्ही त्याची माफी मागणार नाही!”

“शिवानी!” आजोबा गरजले.

“आधी लिंबं फोडा, आजोबा. मग मला काय हवं ते बोला!”

गर्दीत कुजबुज झाली. शिवलीला अक्का मात्र शांतपणे आपल्या गाडीत बसल्या. एक बटण, आणि फच्! चारी लिंबं चिरडली. मग दुसरी गाडी. तिसरी. आजोबांची निळीसुद्धा. नागराज अंकलनी बटण दाबलं.

टक-टक-टक.

“बघितलात?” अंकल गाडीतून ओरडतच उतरले. “पूजेच्या दिवशीपण! ह्याच पोरांनी केलंय!”

“हो! आम्हीच!” शिवानी म्हणाली.

सगळे गार! आजोबांनी खांबाचा आधार घेतला.

“आम्ही गाडीला हात लावला नाही. फक्त तुमची किल्ली खिळ्यावर राहू दिली. बाकीच्या सगळ्या रात्री ह्या डब्यात होत्या!” तिने डबा उंच धरला. “अक्का, तुमच्या गाडीला कुलूप लावाल? आता किल्ली द्या. डब्यात टाकली. झाकण लावलं. दार ओढा!”

अक्कांनी ओढलं. दार हललं नाही. शिवानीने किल्ली काढून खिळ्यावर लावली. “आता ओढा!”

टिक्! दार उघडलं. बायका ‘अग्गबाई!’ म्हणाल्या.

“किल्ली जवळ असली की ह्या गाड्यांना झोप लागत नाही,” संहिता म्हणाली. “रात्रभर किल्लीला हाका मारत बसतात!”

“आणि बोर्ड गणपतीत खाली आला. गाड्या बंद पडायला लागल्या त्याही तेव्हाच!” संग्रामने जोडलं. “वरनं कुलूप लावूनबी उपयोग नव्हता! कुणीबी दार उघडून गाडी पळवली असती की!”

आजोबा बोर्डाकडे बघत राहिले. मग ते आपल्या निळ्या गाडीपाशी गेले, डिकीतून पक्कड काढली आणि एकेक खिळा उपटायला लागले. शेवटचा खिळा त्यांनी खिशात टाकला.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” ते म्हणाले. “किल्ल्या आजपासून वर ऑफिसात. चूक माझी होती आणि शिक्षा मी तुम्हाला दिली. मुलांनो, मी माफी मागतो.” मग ते शिवानीकडे वळले. “तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. नाही ठेवला. ह्याची मला लाज वाटते.”

शिवानीला वाटलं होतं, ह्या क्षणी आपण उड्या मारू. पण तिला रडूच आलं. ती पुढे झाली, ती मात्र आजोबांकडे नाही, नागराज अंकलकडे.

“अंकल, आम्ही न विचारता सगळ्यांच्या किल्ल्या हलवल्या. आणि तुमची गाडी बंद पडणार हे माहीत असून पडू दिली. ते आम्ही केलं. त्याची माफी मागते. सॉरी.”

अंकलनी तिच्याकडे पाहिलं, मग चाकाखालच्या लिंबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. “मीबी कमी ओरडलो नाही,” ते पुटपुटले. “गिरीराजला बोलवा रे कुणीतरी! आणि त्याला सांगा, गाडी का झोपत नव्हती ते पोरांनी शोधलंय म्हणावं!”

“शाब्बास!” शिवलीला अक्का म्हणाल्या. “असं नीट कारण शोधणारे डॉक्टरसुद्धा थोडेच असतात.”

टाळ्या कडाडल्या. आजोबांनी डोळे पुसले. “बोला, काय बक्षीस देऊ?”

“बक्षीस नको,” शिवानी म्हणाली. “पार्किंग आमचं आम्हाला परत द्या. आणि पुढच्या वेळी आधी विचारा, मग ओरडा!”

“सरी, अक्का! तसंच करतो!” आजोबा हात जोडून म्हणाले. बारा वर्षांच्या नातीला आजोबांनी सगळ्यांदेखत ‘अक्का’ म्हटलेलं तुंगा अपार्टमेंटने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.