सत्तावीस ऑगस्टची रिकामी जागा

“मेमो धाडणारे साहेब कुठं बसतात जी?” ओली छत्री दाराशी टेकवत त्या माणसानं विचारलं.

“मीच.” शामलानं रजिस्टरातून मान वर केली.

तो गडबडला. “मले वाटलं, जाड चष्म्याचे, टक्कल पडलेले कोणी असतील. मेमो तसाच होता तुमचा... ‘आकडे वाचता येत नाहीत, खुलासा करावा.’”

“तुमचं पावसाचं कार्ड भिजून आलं. सात आहे की एक, समजूनच नाही राहिलं.”

“म्हणून तं वाचून दाखवाले आलो.”

१९७२ चा जुलै होता तो. नागपूरच्या त्या ऑफिसात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पावसाच्या नोंदी जमवणं चाललं होतं. सत्तर वर्षांत पाऊस वाढला की घटला, एका दिवसात जास्तीत जास्त किती कोसळला, हे काढायचं होतं. मोठे साहेब आनंदराव रोज बजावायचे, “एक खोटा आकडा म्हणजे दुधात मिठाचा खडा.” आणि हा गिरिधर म्हणजे कुहीकडच्या पिंपळखुटीचा शाळामास्तर. गावचं पर्जन्यमापक त्याच्या घरी सोपवलेलं. वडील दादाजींनी १९२८ पासून रोज सकाळी साडेआठला माप घेतलं, एक दिवस चुकवला नाही. आता मापकाच्या कुंपणाची एकुलती एक किल्ली गिरिधरच्या खिशात असायची.

त्यानं महिन्याचे आकडे वाचले, तिनं लिहून घेतले. दहा मिनिटांचं काम, पण चहा दोनदा झाला.

पुढच्या महिन्यापासून कार्ड पोस्टानं येईना. पहिल्या शनिवारी शाळा सुटली की तोच यायचा. पावसाळ्यात एक वेळ ठीक होतं, पण डिसेंबरचं कार्ड घेऊनही स्वारी हजर.

“एकतीस शून्यं आणलीत नुसती?” तिनं विचारलं. “पोस्टानं नसती आली?”

“शून्यं हरवतात जी पोस्टात. हलकी असतात ना —”

शामलाला हसू आलं, आणि घरी भाजी निवडतानाही ते येतच राहिलं. आईनं दोनदा वळून पाहिलं.

पुढल्या पावसाळ्यापर्यंत तिला पिंपळखुटीचा पाऊस पाठ झाला होता. एखाद्या तारखेपुढे साठ-सत्तर मिलिमीटर दिसले की त्या सकाळी हा किती भिजला असेल, अंग पुसायला टॉवेल कोणी दिला असेल, असं मन कुठच्या कुठं जायचं. ढग दाटले की ती खिडकीतून पिंपळखुटीकडे जाणाऱ्या उमरेड रोडच्या बाजूला बघत बसायची. एका महिन्याच्या पहिल्या शनिवारपासून दुसऱ्याच्या शनिवारपर्यंत दिवस सरता सरत नसत.

त्र्याहत्तरच्या ऑगस्टात शेवटी तीच म्हणाली, “तेलंखेडीचा तलाव भरून वाहून राहिला. पाहिला का कधी?” सव्वीस तारखेला, रविवारी, सकाळचं माप घेऊन तो आला. तलावाकाठी दोघांनी एक भुट्टा अर्धा अर्धा खाल्ला.

“तुम्हाले एक सांगाचं होतं...” तो म्हणाला, आणि आभाळ फाटलं. पळापळीत सांगायचं राहूनच गेलं. रस्त्यावरच्या नाल्यांना पूर आला, एसटी बंद पडली. तो एका दोस्ताकडे राहिला. सोमवारी सकाळी साडेआठला एसटी स्टँडवर तो शामलाच्या डब्यातले पोहे खात होता आणि सारखा खिशातली किल्ली चाचपत होता. गाडी सुटली ती थेट मंगळवारी पहाटे.

सप्टेंबरात मात्र कार्ड पोस्टानं आलं. सत्तावीस ऑगस्ट, ९४.०. अठ्ठावीस ऑगस्ट, ९६.२.

सत्तावीसला साडेआठला तर तो स्टँडवर शामलाच्या डब्यातले पोहे खात होता. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांनी सत्तावीसला दीडशेच्या वर पाऊस दाखवला होता आणि अठ्ठावीसला जेमतेम दहा-बारा. म्हणजे मंगळवारी दोन दिवसांचं साठलेलं पाणी मोजून यानं ते दोन तारखांना वाटून टाकलं होतं. त्या गावावर पंचेचाळीस वर्षांत पडलेला कदाचित सगळ्यात मोठा पाऊस कागदावरून पुसला गेला होता, आणि तोही तिच्याबरोबर खाल्लेल्या अर्ध्या भुट्ट्यापायी.

हे ठाऊक होतं फक्त तिला. गप्प राहिली तर खोटा आकडा कायमचा राहणार होता. बोलली तर गिरिधर कायमचा जाणार, अशी तिला धास्ती होती. दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मेमो लिहिला, ‘२७ व २८ ऑगस्टची मापे प्रत्यक्ष घेतली काय? खुलासा करावा.’ सही करताना रडू आवरलं नाही.

खुलासा आला नाही. तोही आला नाही. ऑक्टोबरचा पहिला शनिवार गेला, दुसराही गेला. दाराशी पाऊल वाजलं की तिचा जीव गोळा व्हायचा आणि आत यायचा चहावाला. आपलं या माणसावर प्रेम आहे, हे तिला त्या रिकाम्या शनिवारांनी सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी तो आला. त्यानं नवं कार्ड टेबलावर ठेवलं. सत्तावीसपुढे नुसती आडवी रेघ. अठ्ठावीसपुढे १९०.२, ‘दोन दिवसांचा एकत्र’. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘निरीक्षक गावी नव्हता.’

“बाबा सोमवारी कुंपणापाशी भिजत उभे होते,” तो म्हणाला. “किल्ली माह्यापाशी. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माप हुकलं. त्यांचा नेम मोडला असं दिसू नये, म्हणून खोटं लिहिलं मी. मेमो त्यांनीच वाचला. महिनाभर बोलले नाहीत माह्याशी. काल म्हणाले, रेघ मार अन् स्वतः देऊन ये.”

“माझ्यावर रागावले होते तुम्ही?”

“तुमच्यावर?... तलावापाशी सांगाचं राहिलं, ते आता कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून नाही आलो.”

शामलानं रजिस्टर ओढलं, सत्तावीसचा आकडा खोडून तिथं रेघ मारली आणि अठ्ठावीसपुढे १९०.२ लिहिले. तो दिवस आता कोणत्याच तक्त्यात येणार नव्हता, पण खोटा तरी राहणार नव्हता.

“आता सांगा,” ती म्हणाली.

त्यानं खिशातून दोन किल्ल्या काढल्या. एक जुनी, काळवंडलेली. दुसरी नवीकोरी. नवी त्यानं रजिस्टरावर ठेवली.

“करून घेतली. मी नसलो तं घरचं कोणी पाहिजे ना माप घ्याले... तुम्ही घ्याल?”

शामलानं किल्लीवर बोट टेकवलं. “नोकरी नाही सोडणार मी.”

“माप साडेआठचं. एसटी पावणेनऊची. ऑफिस अकराचं. बसते सगळं.”

“हे कधी जुळवलं?”

“महिनाभर तेच तं करून राहिलो होतो.”

तिनं किल्ली उचलली. त्याच्या खिशात राहून ती अजून कोमट होती.

“पण तुम्ही नसतानाच काहून?” तिनं हळूच विचारलं. “असताना दोघांनी मिळून घेतलं... तं नाही चालत?”