गाडीचं नाक

धूर निळा आला की इंजिन तेल पितंय, इतकं ते साधं असतं. गाझियाबादला मेरठ रोडवर बावीस वर्षं डिझेल इंजिनं उघडणाऱ्या राजाभाऊंना त्यात कधीच नवल वाटलं नव्हतं. "हवेचा पाइप म्हणजे गाडीचं नाक," ते गिऱ्हाइकांना सांगत. "गाडी बेलगाम पळत सुटली तर नाक दाबायचं. नाक दाबलं की तोंड उघडतं!" आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसत.

हा ट्रक मात्र घरचा होता. त्यांचा मेहुणा शांताराम याचा. शांताराम तीन महिन्यांपूर्वी दम्याने गेला. त्याची बायको, राजाभाऊंची बहीण वासंती, तेव्हा मुलगी अबोलीला घेऊन एका लग्नासाठी साताऱ्याला गेली होती, आणि त्याच्याजवळ फक्त धाकटा भाऊ सुधाकर होता. आता सुधाकरला परदेशी कंपनीत बढती मिळाली होती, गुडगावात लिफ्टवाला फ्लॅट झाला होता, आणि वहिनीला नि पुतणीला तो तिकडे राहायला नेत होता. बहीण मार्गी लागली म्हणून राजाभाऊंचा जीव भांड्यात पडला होता. सामान ट्रकवर चढलं, चालवायला राजाभाऊ बसले, आणि भर दुपारी नेमका त्यांच्याच वर्कशॉपसमोर ट्रक निळा धूर ओकू लागला.

"जास्त वेळ नाही ना लागणार?" सुधाकरने टाय सैल करत विचारलं. त्याला बॉनेट कुठून उघडतं तेही ठाऊक नव्हतं.

राजाभाऊंनी हवेचा पाइप सोडवून आत बोट फिरवलं. बोट तेलाने माखलं. हवा गाळणाऱ्या फिल्टरच्या वाटीत कुणी जास्त तेल ओतलं असेल म्हणून पाहिलं, तर ते बरोबर रेघेवर होतं. आतली वाफ सोडणारा ब्रीदर मोकळा होता, कॉम्प्रेशनचा दाबही ठणठणीत होता. मग तेल येत होतं कुठून? त्यांनी बोट नाकाशी नेलं.

निलगिरी.

शांताराम रोज निजताना निलगिरीचं तेल छातीला चोळायचा. वासाने घर भरून जायचं. राजाभाऊ स्वतःवरच वैतागले. साठी जवळ आली, भास होणारच, दुसरं काय! त्यांनी पाइप रॉकेलने तीनदा धुतला, फडक्याने कोरडा केला, इंजिनाला जोडला. फिल्टर तेवढा बाजूला ठेवला, आधी आवाज ऐकावा म्हणून.

"झालं का दादा?" केबिनमधून वासंतीने विचारलं. ती अबोलीची वेणी घालत होती.

"झालंच बघ."

दोन मिनिटं इंजिन छान चाललं. मग कुणी हात न लावता त्याचा वेग चढू लागला. त्या धडधडीत एक बारीक शिट्टी मिसळली. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना घरघर.

वासंतीचा हात वेणीवरच थांबला. त्या आवाजाशेजारी ती चौदा वर्षं झोपली होती.

राजाभाऊंनी स्टॉपची मूठ ओढली. डिझेल तुटलं, पण इंजिन थांबेना. यातही अजब काही नव्हतं. नाकात तेल असलं की इंजिन तेच पिऊन पळत राहतं. पण तेल त्यांनी आत्ताच पुसून काढलं होतं.

"सुधाकरराव, ते ओलं पोतं आणा! नाक दाबायचं आहे!"

दोघांनी मिळून पोतं पाइपच्या तोंडावर दाबलं. ट्रक थरथरू लागला. वर खाटा आपटल्या. शिट्टी लांबली, बारीक झाली, तुटत तुटत गेली. मग इंजिन निमूट झालं. राजाभाऊंनी हात सैल केले.

"अजून सोडू नका," सुधाकर शांतपणे म्हणाला. "शेवटी एकदा जोर करतो तो."

ट्रकने एकच गचका दिला. सगळं सामान हादरलं.

मग खरंच सगळं थांबलं.

राजाभाऊंनी सुधाकरच्या हातांकडे पाहिलं. अजून दाबलेलेच होते. उशीवर ठेवावेत तसे, तळवे पसरून.

राजाभाऊ केबिनपाशी गेले. किल्ली काढून त्यांनी मुठीत धरली.

"वासंती," ते म्हणाले. "अबोलीला घेऊन खाली उतर. तू गुडगावला जायची नाहीस."

सुधाकरचं ते वाक्य वासंतीनेही ऐकलं होतं. अबोलीला उराशी धरून ती उतरली आणि भावाच्या मागे येऊन उभी राहिली.

"अच्छा?" सुधाकर हसला. "एकदम काय झालं?"

आणि त्याने हात काढले.

इंजिन गार पडत होतं. वारा नव्हता. पाइपला चिकटलेलं ओलं पोतं हळूच आत ओढलं गेलं, क्षणभर थांबलं, आणि बाहेर फुगलं.