सोळावी शर्यत

शर्यतीची पत्रिका पेनानेच भरायची, आणि शर्यत संपल्यावरच भरायची. बोग्नाला अक्षरं यायच्या आधी हे दोन नियम आले होते. रुदझिनच्या मोटारसायकल शर्यतींच्या स्टेडियममध्ये, दुसऱ्या वळणावरच्या लाकडी बाकावर, वडील तिला मांडीवर घ्यायचे आणि तिचा हात धरून आकडे गिरवून घ्यायचे. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. पडला, उलटला तर ‘उ’. कुणी रायडर ऐन वेळी उतरला नाही, तर त्याच्या नावावर सरळ रेघ मारायची आणि समासात बदली रायडरचं नाव लिहायचं. रेघेसाठी तेओफिल बसच्या पासाची कड वापरायचे. वाकडी रेघ म्हणजे त्यांच्या लेखी त्या माणसाचा अपमान.

फेब्रुवारीत तेओफिल गेले. मेअखेर त्यांचं घर रिकामं करून द्यायचं होतं, आणि बोग्ना दुपारी तिचा मुलगा इग्नाश झोपला की तेवढ्या तासाभरात एकेक कपाट उपसत होती. बुटांच्या अकरा खोक्यांमध्ये त्रेचाळीस वर्षांच्या पत्रिका होत्या, सालवार लावलेल्या. खिडकीबाहेर कोळशाच्या राखेचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी स्टेडियमचे चार दिव्यांचे खांब. रविवार सोडला तर तिथे चिटपाखरू नसायचं.

नवरा सेवेरिन रायडरच होता. रविवारी रुदझिनकडून, मंगळवारी स्वीडनमध्ये. मधले दिवस व्हॅनमध्ये आणि जहाजावर. घरी तो असा यायचा, की हेल्मेट खुंटीला अडकवेपर्यंत निघायची वेळ व्हायची. नऊ महिन्यांचा इग्नाश वाट बघताना रडायचा नाही. उशीला टेकून बसायचा, डावा कान ओढत, आणि दाराकडे बघत राहायचा. आपण शेजारी असताना पोराला दुसऱ्या कुणाची वाट बघता येते, याचं बोग्नाला हसूही यायचं आणि जरा लागायचंही.

त्या गुरुवारी तिला एक पत्रिका खोक्याबाहेर सापडली. वडील शर्यतीला घालायचे त्या तपकिरी कोटाच्या आतल्या खिशात. जून १९८७. घड्या पडून पडून कापडासारखी मऊ झालेली. मागच्या पानावर एक कोडं छापलेलं होतं.

*सोळावी शर्यत. चार हेल्मेट: लाल, निळं, पांढरं, पिवळं.*
*लाल पिवळ्याच्या पुढे.*
*पांढऱ्याची घरी कुणी वाट पाहत नाही.*
*ज्याची घरी वाट पाहिली जाते, तो शेवटी.*
*शेवटच्याचं नाव लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.*
*उत्तर पुढच्या पत्रिकेत.*

खाली चार ओळी होत्या. चौथ्या ओळीतला कागद खोडून खोडून कांद्याच्या सालीएवढा पातळ झाला होता.

बोग्ना औषधांच्या दुकानात काम करायची. चिठ्ठीवर काही कमी असलं की तिच्या लगेच लक्षात यायचं. हे कोडं नव्हतंच. यात अर्ध्या गोष्टी नव्हत्या. आणि एका रविवारी शर्यती तर पंधराच असतात. तिने पुढची पत्रिका काढून पाहिली. उत्तर नव्हतं. मागची पाहिली, त्याच्याही मागची. कुठल्याच पत्रिकेत कधी कोडं आलेलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. अल्फ्रेड काका आले होते, तेओफिलच्या शेजारी चाळीस वर्षं बसलेले.

“माझा थर्मास तुझ्या बापाकडे राहिलाय,” ते आत येतायेताच म्हणाले. “बारा वर्षं मागतोय. म्हणायचा, मेल्यावर घेऊन जा. शब्दाचा पक्का निघाला.”

“काका, जरा हळू. इग्नाश झोपलाय.”

“झोपू दे, झोपू दे. बापाच्या वळणावर नाही ना गेला? नाहीतर ट्रॅकवरच्यासारखा डावीकडेच वळत राहील जन्मभर.”

बोग्ना हसली आणि तिने पत्रिका त्यांच्यापुढे धरली. “हे कोडं सुटलं होतं का हो तेव्हा कुणाला?”

काकांनी हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला.

“ही जाळली असं म्हणाला होता तो.”

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, “त्याच दिवशीची पत्रिका माझ्याही घरी आहे. त्या जागी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात आहे. मी दहादा बघितलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय ते मला नको विचारू. तेराव्या शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारत होते. तेओफिल बसला होता कोडं घेऊन. म्हणाला, सोपं आहे, निळा शेवटी. निळ्या हेल्मेटमध्ये योआखिम होता. त्याच आठवड्यात त्याला मुलगी झालेली. तुझ्या बापाने नाव लिहून टाकलं, पेनाने. मी म्हटलं, अरे, आधी लिहू नये. तर म्हणतो, हे कोडं आहे, निकाल नाही.”

“आणि?”

“आणि काय. पहिल्याच वळणावर. उठलाच नाही.”

आतल्या खोलीत इग्नाशने कूस बदलल्याचा आवाज आला. काका उठले.

“त्यानंतर अडतीस वर्षं झाली या ट्रॅकवर. हाडं मोडली, दात गेले, पण शवपेटी निघाली नाही. दर रविवारी सकाळी तो त्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहायचा आणि घरी गेल्यावर खोडायचा. मी हसायचो. यंदा एप्रिलमध्ये पहिली शर्यत तो नसताना झाली.” ते थांबले. “त्यात पडलेलं ते एकोणीस वर्षांचं पोर अजून डोळे उघडत नाहीये, तुला माहीतच आहे.”

“काका, त्याचा मागचा टायर फुटला होता. सेवेरिनने डोळ्यांनी बघितलं.”

“हो. टायरच फुटला होता,” अल्फ्रेड काका म्हणाले. थर्मास तसाच ठेवून ते जिना उतरून गेले.

बोग्नाने पत्रिका खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. पेनाची शाई खरवडून काढलेल्या त्या झिजलेल्या जागी पेन्सिलीच्या खाचा एकावर एक दिसत होत्या. शेकडो वेळा, त्याच लहान सरळ अक्षरात, एकच नाव. तेओफिल. तेओफिल. तेओफिल.

शनिवारी सेवेरिन आला तो गार पडलेला बटाट्याचा रस्सा उभ्याउभ्याच खायला लागला.

“उद्या निळं हेल्मेट मिळालंय,” तो म्हणाला. “तुझ्या आवडीचा रंग.”

“उद्या नाही गेलास तर?”

“तर बदली घेतील. काय झालं गं?”

“काही नाही. पप्पांच्या घरात बसून बसून डोकं फिरलंय.”

“बाहेर पड जरा. उद्या ये शर्यतीला. पोराला ठेव गेर्डा मावशीकडे. तिला तेवढंच कुणीतरी बोलायला.”

“नऊ महिन्यांचं पोर काय बोलणार तिच्याशी?”

“म्हणून तर आवडेल तिला.”

इग्नाश बापाच्या मांडीवर त्याच्या दाढीचे खुंट चाचपत होता. बोग्ना बघत राहिली. ज्याची घरी वाट पाहिली जाते, तो शेवटी.

रविवारी सकाळी सेवेरिन व्हॅन घेऊन पुढे गेला. तिने पत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. पेन्सिलीचं टोक चौथ्या ओळीवर ठेवलं आणि स्वतःच्या नावाची पहिली उभी रेघ ओढली. इग्नाश मांडीवर होता. त्याने तिच्या बोटाला मूठ घातली होती, आणि ती मूठ इतकी गरम होती की बोग्नाने पेन्सिल उचलली. पप्पांना जमलं ते. तेव्हा ती मोठी झालेली होती, आई जाऊनही वर्षं लोटली होती, एकट्या माणसाला स्वतःचं नाव लिहिणं परवडतं. नाही, तेही खरं नव्हतं. तिला आठवलं, सत्त्याऐंशी साली ती जन्मलीही नव्हती. पण नंतर ती कितीतरी रविवारी त्या घराच्या खिडकीत बसून पप्पांची वाट बघत असे. ते तेव्हाही लिहीतच होते.

मग तिला सुचलं. इतकं सोपं, की ती एकटीच हसली. जो गेलाच आहे त्याला कोण काय करणार?

तिने ती रेघ खोडली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: तेओफिल.

“पप्पा, अजून एकदाच,” ती म्हणाली.

दुसऱ्या वळणावर ऊन होतं. भाजलेल्या सॉसेजचा आणि मोहरीचा वास, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, इंजिनांतून येणारा गोडसर धूर. बोग्नाने नवी पत्रिका गुडघ्यावर घेतली. जुनी तिच्याच आत ठेवली होती. अल्फ्रेड काका शेजारी येऊन बसले आणि मधली एक जागा त्यांनी सवयीने रिकामी सोडली.

“लिहिलंस काही?” त्यांनी ट्रॅककडे बघतच विचारलं.

“पप्पांचं नाव.”

काकांनी बियांचा पुडा तिच्यापुढे धरला.

एकेक शर्यत होत गेली. तीन, दोन, एक, शून्य. ट्रॅक्टर ट्रॅकवरची राख सपाट करत फिरायचा, पुन्हा चौघे सुरुवातीच्या दोरीशी यायचे. सेवेरिन दोनदा दुसरा आला, एकदा पहिला. बोग्नाचा हात आपोआप चालत होता. हा हात तिचा कमी आणि पप्पांचा जास्त होता.

तेराव्या शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारलं.

चार इंजिनं एकदम ओरडायला लागली. लाउडस्पीकर खरखरला. निवेदक बदली सांगत होता, त्याच त्या कंटाळलेल्या आवाजात: अनुपस्थित रायडरच्या जागी, चौथ्या ओळीत. बोग्नाची नजर निळ्या हेल्मेटवर खिळलेली होती. हाताने पर्सच्या कडेला पेन टेकवून सरळ रेघ मारली. समासात नाव लिहिलं.

दोरी उडाली.

पहिलं वळण. राखेची लाट कठड्यावर आदळली, आणि तिच्यातून चौघे बाहेर आले. चौघेही.

दुसरं वळण. तिसरी फेरी. चौथी.

सेवेरिन तिसरा आला. चष्म्याच्या काचेवरची राख पुसून त्याने दुसऱ्या वळणाकडे हात केला. बोग्नाने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि तिला रडू आलं.

“बघ, काही झालं नाही,” अल्फ्रेड काका म्हणाले. मग त्यांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. “तू मगाशी काय लिहिलंस?”

“बदलीचं नाव. सांगितलं ना आत्ता.”

“कुणी सांगितलं?”

“लाउडस्पीकरवर.”

“बोग्ना,” काका म्हणाले, “आज एकही बदली झालेली नाही.”

तिने पत्रिका मिटली आणि पर्समध्ये टाकली.

घरी परतली तेव्हा गेर्डा मावशी इग्नाशला कडेवर घेऊन दारातच होती. “गुणी आहे हो तुझं पोर. भोपळ्याची लापशी सगळी खाल्ली. जावई कितवा आला?”

“तिसऱ्याच्या पुढे नाही गेला शेवटी शेवटी.”

“धडधाकट आला ना? मग झालं तर.”

मावशी गेली. बोग्नाने इग्नाशला गादीवर उशीला टेकवून बसवलं, कोट काढला, आणि उभ्यानेच पर्स उघडली. आजच्या पत्रिकेत तेराव्या शर्यतीचा रकाना स्वच्छ होता. एकही रेघ नाही.

मग तिने जुनी उलगडली.

जो उतरू शकत नाही, त्याच्या जागी बदली घेतात. हे तर तिला अक्षरांच्या आधी शिकवलेलं होतं.

तेओफिल या नावावर सरळ रेघ होती, पेनाची. शेजारी समासात, तिच्याच अक्षरात, तिचंच नाव.

ती गादीजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पसरले.

“ये,” ती म्हणाली. “इग्नाश. ये माझ्याकडे.”

इग्नाश रडला नाही. तो डावा कान ओढत बसला होता, आणि आई अजून यायचीच असल्यासारखा तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता.