गुरुवारच्या मीटिंगमधला खोकला

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासमोर घडलेली. मी डॉक्टर आहे, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, असं म्हणू.

गुरुवार होता. भर दुपार. सकाळचे पेशंट संपवून, दवाखान्याचं दार लावून मी लॅपटॉप उघडला होता.

आम्हा फॅमिली डॉक्टरांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. देशोदेशीचे लोक. दर गुरुवारी व्हिडिओवर भेटतो, इंग्रजीत बोलतो. चर्चा म्हणे जगाच्या आरोग्याची, निम्मा वेळ "माझा आवाज येतोय का?" यातच जातो. ग्रुप मी चालवते, म्हणजे डोकंही माझंच उठतं.

त्या दिवशी लसींवर बोलणं चाललं होतं. आणि मध्येच...

खोकला.

लहान मुलाचा. कोरडा, भुंकल्यासारखा.

"माइक बंद करा," मी म्हणाले.

पुन्हा खोकला.

"अहो, ज्यांच्या घरी मूल आहे त्यांनी माइक बंद करा ना!"

कोणी ऐकेल तर शपथ! उलट सगळे सरसावून बसले.

"घसा सुजलाय," एक म्हणाला.

"छे, दमा आहे," दुसरी म्हणाली.

"काहीतरी गिळलंय पोराने," तिसरा म्हणाला, एका लांबच्या बेटावरचा डॉक्टर.

झालं, जुंपली. मूल कुणाचं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. शेवटी वैतागून मीच सगळ्यांचे माइक बंद केले. पडद्यावर नुसते हलणारे ओठ उरले.

आणि तरीही...

खोकला येतच होता.

आता श्वास आत घेताना शिट्टी वाजत होती. हा आवाज आम्ही सगळे ओळखतो. त्या मुलाला ताबडतोब ऑक्सिजन हवा होता.

मी घाईघाईने माइक उघडले. "कुणाचं मूल आहे? कुठे आहे?"

जो तो मान हलवत होता. माझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही.

"त्याला उठवून बसवा!" बेटावरचा ओरडत होता. कुणाला सांगत होता, देव जाणे. एवढे डॉक्टर, सगळ्यांना इलाज माहीत, आणि एकाचाही हात तिथवर पोचत नव्हता. मला रडू फुटलं. निव्वळ संतापाने.

श्वास मंदावला.

लांबला...

थांबला.

आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर डॉक्टरांना आम्ही आजोबा म्हणतो. त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं आणि मृत्यूची वेळ मोठ्याने सांगितली. दवाखान्यात आम्ही असंच करतो.

तेव्हा स्पीकरमधून, अगदी कानाशी...

"अजून नाही."

स्वच्छ मराठीत.

आजोबांनी ते त्यांच्या भाषेत ऐकलं. बेटावरच्याने त्याच्या. हे नंतर एकेकाला फोन केल्यावर कळलं. तेव्हा फक्त सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक पडलेले दिसले, आणि एकेक जण मीटिंग सोडून गेला.

मी एकटी उरले.

"कुठे आहेस, राजा? पत्ता सांग, मी गाडी पाठवते."

एक बारीक श्वास आला...

आणि लाइन तुटली.

ग्रुपवर त्या "अजून नाही"चा विषय कोणी काढत नाही. घसा की दमा, यावर मात्र मेसेजमधून अजून हमरीतुमरी चालते. अशी चीड येते म्हणून सांगू!

मी अजूनही दर गुरुवारी एकटीच ती मीटिंग उघडून बसते. नवरा म्हणतो, "अगं, झालं गेलं, सोड आता."

कसं सोडू? ते मूल जिवंत होतं. तसं त्यानेच सांगितलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना फोन लावलेला असतो, पलीकडून ते विचारतात, "कुठे यायचं, डॉक्टर?"

आणि मला सांगता येत नाही.